कोपरांवर चालायची वाट

भुयारात शिरताना आधी डोकं जातं. मग एक हात, मग त्याच बाजूचा खांदा. दोन्ही खांदे एकदम मावत नाहीत, म्हणून एक पुढे, एक मागे असं तिरकं व्हावं लागतं. तेवढ्या वेळात मान पुढे ताणलेली असते, हात अंगाखाली अडकलेले असतात आणि पाय मागे उजेडात राहिलेले असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाचं शरीर कोणत्या स्थितीत सगळ्यांत दुबळं असतं, हे ओळखणं माझं रोजचं काम. पालथं पडलेलं, मान उघडी, हात बांधल्यासारखे, ही ती स्थिती. आयर्लंडच्या लाउथ काउंटीतल्या एका शेताखाली हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर दगड रचून नेमकी तीच स्थिती बांधून ठेवली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावंच लागतं.

मला तिथे नेलं माझ्या एका पेशंटने. डंडॉकजवळचे जुने शेतकरी, गुडघा बदललेला. इथे मी त्यांना आजोबा म्हणते. समोर मात्र नावानेच हाक मारते, कारण इथली रीतच तशी. गुडघा वाकवताना दुखतं, त्यावरून मन काढायला मी पेशंटना लहानपणाबद्दल विचारते. ते म्हणाले, "आमच्या शेतात फोर्ट आहे. त्याच्या पोटात कोव्ह आहे. आम्ही पोरं त्यात सरपटायचो. आईला कळलं की मार मिळायचा." कोव्ह म्हणजे भुयार. पुस्तकातला शब्द 'सूटरेन', फ्रेंचमधून आलेला. पण उत्तरेकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी कोव्हच आहे.

फोर्ट म्हटल्यावर डोळ्यांसमोर किल्ला येतो, तो आधी पुसून टाकावा लागतो. आपल्याकडचा जवळचा शब्द गढी, आणि तीही लहान. गोल बांध, बाहेर खंदक, मधे साधारण तीस मीटर व्यासाचं अंगण, त्यात कुडाची एक-दोन घरं. मातीचा बांध असेल तर राथ किंवा लिस, दगडाचा असेल तर कॅशेल किंवा काहर. राथमाइन्स, लिस्मोर, लिसडूनवार्ना ही गावांची नावं त्यातूनच आली. पूर्ण बेटावर अशा पंचेचाळीस हजारांच्या आसपास जागा नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांतल्या. आत राहणारे राजे नव्हते, निदान बहुतेक ठिकाणी नव्हते. गाईगुरांवर जगणारी कुटुंबं होती ती. त्यांच्या कायद्यात प्रतिष्ठित शेतकऱ्याला 'बोआरे' म्हणत. त्यातला 'बो' म्हणजे गाय. हा 'बो' आणि आपल्या 'गोठ्या'तला 'गो' एकाच मुळातून फुटलेले आहेत. हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ तो शब्द मनातल्या मनात घोळवत होते.

या गढ्यांपैकी काहींच्या पोटात भुयारं आहेत. साडेतीन हजारांच्या आसपास माहीत आहेत, आणि शेतात नांगर अडकला किंवा रस्ता रुंद करताना शिळा सरकली की नवं सापडतं. सगळीकडे सारखी नाहीत. लाउथ, अँट्रिम, गॉलवे, कॉर्क, केरी इथे भरपूर, मधल्या पट्ट्यात तुरळक. गढ्यांपेक्षा ती जरा उशिराची, मुख्यत्वे आठव्या ते बाराव्या शतकांतली. काही तर उघड्या वस्तीखालीही आहेत, जिथे बांध-खंदक कधी नव्हताच.

बांधणी समजून घेण्यासारखी आहे. आधी उघडा चर खणायचा, माणसाच्या उंचीहून खोल. दोन्ही बाजूंना गडगा रचायचा, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. भिंत वर जाते तसा प्रत्येक थर जरासा आत ढकलत न्यायचा, म्हणजे माथ्याशी अंतर कमी होतं. मग त्यावर आडव्या शिळा टाकायच्या आणि वरून खणलेलीच माती लोटायची. ती माती नुसतं झाकण नाही. तिच्या वजनाने भिंती जागच्या जागी दाबून राहतात. म्हणूनच शेतावर ट्रॅक्टर फिरला तरी खालची पोकळी हजार वर्षं टिकली. कॉर्कमध्ये वेगळी तऱ्हा: तिथे घट्ट चिकणमातीत किंवा खडकात थेट बोगदा कोरून लहान लहान खोल्या काढल्या आहेत. आणि फर्मानाच्या कूलक्रानला तर लाकडाचं भुयार सापडलं, ओकचं, ज्याच्या लाकडातली वर्षवलयं मोजून काळ ठरला सन ८२२ च्या आसपासचा. लाकडाची अशी किती असतील आणि कुजून मातीत मिसळली असतील, याचा विचार केला की साडेतीन हजार हा आकडा मला फार लहान वाटतो.

आजोबांचं भुयार दगडाचं. आता शेत त्यांच्या भावाकडे आहे. भावाने परवानगी दिली, आणि स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या, अशा जागांत अनेकदा उतरलेल्या एका बाई सोबत आल्या. एकटीने जायचं नाही, छताची एखादी शिळा तडकलेली दिसली तर पुढे जायचं नाही, आतला एकही दगड हलवायचा नाही, एवढं त्यांनी आधीच बजावलं. या जागांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते नसतं तरी मी दगड हलवला नसता.

पहिले चार-पाच मीटर वाकून चालता येतं. मग समोर भिंत येते. वाटतं, संपलं. बॅटरी खाली केली तेव्हा भिंतीच्या तळाशी चौकट दिसली. रुंदी माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, उंची त्याहून थोडी जास्त. इंग्रजीत याला 'क्रीप' म्हणतात. सरपटवाट म्हणूया. लांबी जेमतेम दीड मीटर, पण मला ती पार करायला मिनिटभर तरी लागलं. गुडघ्यांवर जाता येत नाही, पाठ घासते. पोटावर पडून कोपरं आलटून पालटून पुढे टाकायची. पलीकडे गेल्यावर उभं राहता येईल अशी खोली आणि उजवीकडे वळणारी दुसरी वाट. तिच्या शेवटीही भिंत, पण या वेळी भोक तळाशी नव्हतं. छतात होतं.

सोबतच्या बाई मागून म्हणाल्या, "आता विचार कर, वर कुणीतरी बसलं आहे."

मी विचार केला. त्या भोकातून वर जायचं तर आधी डोकंच निघणार, खांदे अडकणार, हात खालीच राहणार. वर बसलेल्याला तलवारही लागायची नाही. एक दगड पुरे. वर बसलेली व्यक्ती म्हातारी असो, बारा वर्षांची मुलगी असो, तिचं पारडं जड. बांधणाऱ्याने ताकदीचा हिशोबच उलटा करून टाकला होता. शरीराची रचना त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती, आणि हे मला मनापासून मानावं लागलं.

या भुयारांचा उपयोग काय, यावर अभ्यासकांची मतं दोन बाजूंना झुकलेली आहेत. एक बाजू म्हणते कोठार, दुसरी म्हणते लपण्याची जागा. कोठाराची बाजू पटण्यासारखी आहे. मी खिशात लहान थर्मामीटर नेला होता: बाहेर जूनमधले २१ अंश, आत ११. जमिनीखाली उन्हाळा-हिवाळा जवळजवळ एकच असतो. आणि या लोकांचं उन्हाळ्याचं अन्न म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, चीज. त्याला ते 'पांढरं अन्न' म्हणत. वसंतात गाई व्यायच्या, उन्हाळाभर दुभतं वाहायचं आणि त्यातलं लोणी हिवाळ्यापर्यंत पुरवायचं असायचं. आपल्या पेवांसारखंच हे, फक्त धान्याऐवजी दुधातुपाचं. भुयारांत सापडणाऱ्या वस्तू मात्र फार थोड्या. बहुतेक ठिकाणी आत काहीच उरलेलं नसतं. लोणी तसंही खूण मागे ठेवत नाही.

पण कोठारच हवं होतं, तर सरपटवाट कशाला? लोण्याचं मडकं पोटावर सरपटत कोण नेईल? छतातल्या भोकातून कोण चढवेल? लोण्याला पळून जायची वाट नको असते, आणि हवेचं भोकही नको असतं. ही भोकं अनेक भुयारांत आहेत, दगडांची बारीक नळी करून दूर गवतात काढलेली, दिसणार नाहीत अशी. ती श्वासासाठी आहेत.

मग भीती कुणाची? व्हायकिंगांची, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या उत्तरेकडच्या लुटारूंची, असं बहुतेकांना वाटतं, आणि ते थोडंसंच खरं आहे. शेजारच्या राजाने गाई पळवणं हे त्यांच्या राजकारणाचं नेहमीचं साधन होतं, व्हायकिंग येण्याच्या कितीतरी आधीपासून. गाई भुयारात मावत नाहीत. गाई जायच्या त्या जायच्या. भुयारात मावतात ती माणसं. इथे मला कायद्यातला एक शब्द सांगायचा आहे, जो वाचल्यापासून डोक्यातून गेलेला नाही. नाण्यांशिवायच्या त्या समाजात किंमत गाईंत मोजत. त्याहून मोठं माप होतं 'कुमाल', म्हणजे साधारण तीन दुभत्या गाई. आणि कुमाल या शब्दाचा मूळ अर्थ आहे दासी. गुलाम बाई. जमिनीची किंमत, दंड, भरपाई, सगळं काही 'इतक्या कुमाल' असं सांगितलं जायचं. बाईच चलन होती. अशा जगात गढीबाहेर रात्री कुत्री भुंकू लागली की घरातल्या बाईला काय वाटत असेल, हे सांगायला मला कुठलंही उत्खनन लागत नाही.

अल्स्टरच्या बखरींत सन ८६३ ची एक नोंद आहे. बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या नाउथ आणि डाउथच्या आसपासच्या 'गुहा' परकीयांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, धुंडाळल्या, आणि पुढे लिहिलंय की असं पूर्वी कधी झालं नव्हतं. नाउथचा तो प्रचंड टेकाड पाच हजार वर्षांपूर्वीच्या कबरीचा, पण आठव्या-नवव्या शतकात तिथे उत्तर ब्रेगा नावाच्या छोट्या राज्याच्या राजांची वस्ती होती आणि टेकाडात त्यांनी अनेक भुयारं घुसवली होती. बखरीतल्या गुहा म्हणजे कबरी की भुयारं, यावर वाद घालता येईल. मला त्या नोंदीतला धक्का महत्त्वाचा वाटतो. लिहिणारा भिक्षू म्हणतोय, ती जागा शोधून काढायची नसते, आणि त्यांनी शोधली.

त्याच काळाची दुसरी बाजू आइसलंडच्या लोकांनी लिहून ठेवली. त्यांच्या वसाहतीची हकिगत सांगणाऱ्या लँडनामाबोक या ग्रंथात लेइफ नावाचा नॉर्वेजियन लुटारू आयर्लंडात एका मोठ्या जमिनीखालच्या घरात शिरतो. आत मिट्ट काळोख. मग एका माणसाच्या हातातल्या तलवारीवर काहीतरी चमकतं, आणि त्या चमकेच्या रोखाने जाऊन लेइफ त्याला मारतो. तलवार घेतो, पुष्कळ धन घेतो, आणि त्यानंतर त्याचं नाव पडतं ह्योरलेइफ, तलवारीचा लेइफ. आयर्लंडातून त्याने दहा माणसं गुलाम करून नेली. त्यांनी पुढे आइसलंडात त्याला ठार केलं आणि ती समोरच्या बेटांवर पळाली. आयरिश लोकांना ते पश्चिमेची माणसं म्हणत, म्हणून त्या बेटांना आजही 'पश्चिमेच्या माणसांची बेटं' म्हणतात. कथेत पुराण किती, इतिहास किती, हे बाजूला ठेवते. पण त्या भुयारातल्या माणसाची चूक मला दिसते. त्याच्याकडे चमकणारं काहीतरी होतं. अंधार हे त्याचं एकमेव शस्त्र होतं, आणि ते त्याने गमावलं.

सगळ्या भुयारांत अशी कडेकोट वाट नसते, हेही सांगायला हवं. डाउन काउंटीतल्या ड्रुमेना कॅशेलचं भुयार टी अक्षराच्या आकाराचं, पंधरा मीटरच्या आसपास लांब, आत माणूस आरामात उभा राहतो. ज्यांना सरपटायचं नाही त्यांनी तिथे जावं. केरीत काहरसिवीनजवळ लॅकनाबूला नावाचा दगडी फोर्ट आहे, १९३९-४० मध्ये उत्खनन झालेला. तिथलं भुयार एका गोल घराच्या आतूनच सुरू होतं आणि तटबंदीच्या जाडीतल्या खोलीत निघतं. त्या जागेच्या नावाचा अर्थ आहे दूध काढायच्या कुरणाची उतरण. घराच्या जमिनीतून थेट खाली: चुलीपासून चार पावलांवर.

ती चार पावलं पाहून मला एक गोष्ट सुचली, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले. कोठार की आसरा, हा प्रश्न शरीराच्या बाजूने पाहिला तर दोन प्रश्न नाहीतच. मी पेशंटना जिना चढायला शिकवते तेव्हा नियम सांगून काही होत नाही. रोज चढावं लागतं. दोन-तीन आठवड्यांनी पाय आपोआप ठरवतात, आधी कुठला उचलायचा. भुयाराचंही तसंच असणार. लपायची वेळ वर्षातून एकदाही येत नसेल, दहा वर्षांत एकदा येत असेल. एरवी ती वाट बंद राहिली असती, तर त्या रात्री, अर्धवट झोपेत, कडेवर मूल घेऊन, दिव्याविना त्यातून कुणाला जाता आलं असतं? पण बाहेरच्या खोलीत लोणी असेल, आतल्या खोलीत हिवाळ्याची बेगमी असेल, तर घरातली बाई रोज त्यात जाणार. पोरांना पाठवणार. कुठे डोकं खाली घ्यायचं, कुठला दगड धरायचा, कुठे डावा खांदा आधी घालायचा, हे त्यांच्या अंगात मुरणार. लुटायला आलेल्याच्या अंगात ते नसणार. तो पहिल्यांदाच येतोय. हे माझं मत आहे, पुरावा म्हणून मी फक्त गुडघे आणि कोपरं दाखवू शकते.

म्हणून मी ते करून पाहिलं. त्याच दुपारी पहिल्या सरपटवाटेतून तीनदा गेले. पहिल्यांदा बॅटरी लावून. दुसऱ्यांदा बॅटरी हातात, पण बंद; डोकं आपटलं, खांदा अडकला, छातीत धडधडलं, आणि मी तिथेच थांबून श्वास मोजले. सोबतच्या बाई पलीकडून नुसतं बोलत राहिल्या, हवेबद्दल, पावसाबद्दल. तिसऱ्यांदा माझ्या डाव्या हाताने चौकटीच्या कडेचा एक गुळगुळीत दगड शोधला, मी सांगायच्या आधीच. तो दगड हातांनी गुळगुळीत झाला की पाण्याने, कोण जाणे. हाताला तो सापडला, आणि खांदा आपोआप तिरका झाला. पंधरा-वीस सेकंदांत मी पलीकडे होते.

छतातल्या भोकातून मात्र वर गेले नाही. तिथली एक शिळा तडकलेली होती. त्या भोकाखाली मी बराच वेळ बसून होते. माझ्या डोक्यावर त्या शिळा कुणी, किती जणांनी, कशा उचलून ठेवल्या असतील, हा विचार करत. केरीत कूलमागॉर्टला १८३८ मध्ये एका भुयाराच्या छतात ओगम लिपीतले दगड सापडले. कडेवर रेघा कोरून कुणा बापाचं, कुणा मुलाचं नाव लिहिलेले स्मृतिदगड. दोन-तीनशे वर्षांत ती नावं विसरली गेली आणि लांबी बरोबर बसते म्हणून दगड आडवे टाकले गेले. रॉसकॉमनला राथक्रोहनच्या मांजरांच्या गुहेत शिरतानाही डोक्यावर असाच दगड आहे: फ्रेखचा, मेव्हच्या मुलाचा. मेव्ह हे कॉनाख्टच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांताच्या, कथेतल्या राणीचं नाव. आडवं पडून, चिखलात पाठ टेकून ते अक्षर वाचावं लागतं. मी वाचलंय. गालावर पाणी ठिबकत असतं.

आजोबांना पुढच्या सेशनला सगळं सांगितलं. गुडघा नव्वद अंशांपर्यंत आला होता, तो शंभरावर न्यायचा होता. ते डोळे मिटून ऐकत होते. मी विचारलं, लहानपणी तुम्ही मेणबत्ती न्यायचात का आत?

"नाही गं पोरी. मेणबत्ती दिसली तर आईला कळलं असतं ना." मग थोडं थांबून म्हणाले, "आम्ही सहा भावंडं. मोठी बहीण पुढे. मागच्याने पुढच्याचा घोटा धरायचा. घोटा सुटला की थांबायचं. ती मागे हात करून चाचपडायची, सापडला की परत चालू."

गुडघा त्या दिवशी एकशे दोनवर गेला.